केमोनंतर रात्रभर डोळा लागत नाही

प्रश्न : माझं वय ५४. स्तनाच्या कॅन्सरसाठी दर तीन आठवड्यांनी केमो घेते. केमोच्या रात्री आणि पुढच्या दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. अंगात त्राण नसतं, पण डोकं टक्क जागं. मग दुपारी तीन-तीन तास झोपते. घरचे म्हणतात, तू विचार फार करतेस. जाऊबाई म्हणतात, माझ्या झोपेच्या गोळीतली अर्धी घे. घेऊ का?

उत्तर : ताई, ती अर्धी गोळी घेऊ नका. का ते सांगते, पण त्याआधी तुमची औषधाची चिठ्ठी काढा. केमो वॉर्डात सिस्टर म्हणून काम करताना ही तक्रार मी सतत ऐकते आणि दर वेळी आधी हेच पाहते, की उलटीच्या गोळ्यांमध्ये डेक्सामेथासोन आहे का? हे स्टिरॉइड. मळमळ थांबवायला आणि औषधाची रिअ‍ॅक्शन टाळायला ते उपयोगी पडतं, पण झोप उडवतं. चिठ्ठीवर ‘दिवसातून दोनदा’ असतं आणि घरी ते सकाळ-रात्र जेवणानंतर असं घेतलं जातं. दुसरी गोळी दुपारी दोनच्या आत घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. बरेचदा चालतं. मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

काळजी असणारच, कोणाला नसते? पण जागरण नेमकं केमोच्या रात्री सुरू होतं आणि तीन-चार दिवसांत ओसरतं, यात मला तरी औषधाचाच हात दिसतो. हे घरच्यांनाही वाचून दाखवा. उगाच दोष स्वतःकडे घेऊ नका.

आता ती गोळी. तुम्ही दुखण्यासाठी ट्रॅमाडोल किंवा मॉर्फिन घेत असाल, तर झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो. रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, तो धोका वेगळाच. तुमच्या डॉक्टरांनी सगळी औषधं पाहून झोपेची गोळी लिहून दिली, तर मात्र बिनधास्त घ्या.

दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, गजर लावून, तीनच्या आत. केमोनंतरचे पहिले एक-दोन दिवस शरीर मागेल तेवढं पडा, तेव्हा हा नियम नको. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच ठेवा. रात्री वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर कूस बदलत राहू नका. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, चक्कर नाही ना बघा, मग खुर्चीत मंद उजेडात बसा आणि डोळे जड झाले की परत या. घड्याळ दिसेल असं ठेवूच नका.

केमोमुळे पाळी थांबली असेल आणि रात्री घामाने गाऊन भिजत असेल, तर तेही सांगा, त्यावर इलाज आहेत. ताप असेल तर मात्र सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटलला फोन करा. एरवी पुढच्या केमोआधी डॉक्टर तपासतात तेव्हाच झोपेचा विषय काढा. गोळ्या किती वाजता घेतल्या आणि कुठल्या रात्री जागलात, एवढं कागदावर लिहून न्या.