लॅब्रॅडॉरच्या पिल्लाची गळकी झडप

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर कुत्री साडेपाच महिन्यांची आहे. लस देताना डॉक्टरांना छातीच्या उजव्या बाजूला मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आला. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘ट्रायकस्पिड डिस्प्लेशिया, मध्यम गळती’ निघाली. औषध दिलेले नाही. ती नीट खाते, खेळते. आत्ताच औषध सुरू केले तर झडप सुधारेल का? पुढे तिचे एक वेत घ्यावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : औषधाने झडप सुधारत नाही, आणि वेत अजिबात घेऊ नका. लॅब्रॅडॉरमध्ये हा दोष आनुवंशिक आहे. जिथून पिल्लू आणले त्यांनाही कळवा. आईबाप आणि भावंडांचा इको व्हायला हवा.

ट्रायकस्पिड म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, आणि डिस्प्लेशिया म्हणजे तिच्या घडणीतला दोष. तिच्या पाकळ्या जन्मतःच जाड, आखूड दोऱ्यांनी खाली ओढलेल्या असतात. मिटताना फट राहते आणि दर ठोक्याला रक्त वरच्या कप्प्यात परतते. तो कप्पा फुगत गेला की मागे रक्त तुंबते आणि पोटात पाणी साठते. हे होईपर्यंत औषधाचे काम नसते, म्हणून तुमच्या डॉक्टरांचा निर्णय योग्यच आहे. फुग्याने झडप उघडण्याविषयी कुणी सुचवेल. तो उपाय अरुंद झडपेसाठी, गळक्या नव्हे.

वर्षाची झाली की इको पुन्हा करा. नुसता मर्मर मंदावला म्हणून निर्धास्त राहू नका. फट फार मोठी असली तर आवाज उलट कमीच येतो.

घरी दर आठवड्याला शेवटच्या बरगडीच्या मागे टेपने पोटाचा घेर मोजा. वाढत्या पिल्लाचे वजन इथे फसवते. पोट सुटतेय पण पाठीचा कणा हाताला लागतोय, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. गाढ झोपेत श्वास मिनिटाला 30 च्या आत हवेत. खेळताना कोसळली तर ईसीजी हवाच. या जातीत याच दोषासोबत ठोके एकदम बेफाम होण्याचा त्रासही आढळतो.

पुढे फ्युरोसेमाइड (साठलेले पाणी लघवीवाटे काढणारे) आणि पिमोबेंडान (हृदयाचा जोर वाढवणारे) ही औषधे लागू शकतात. पिमोबेंडान जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी द्यायचे. फ्युरोसेमाइडने लघवी आणि तहान दोन्ही वाढतात. घरात ओले होते म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवू नका. सुरू केल्यावर आठवडाभराने मूत्रपिंड व पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्या. पापड, फरसाण असे खारट आत्तापासूनच बंद. नसबंदी करताना भूल देणाऱ्या डॉक्टरांना इकोचा अहवाल आधी दाखवा, म्हणजे सलाइन मोजून देता येईल.