फॉस्टरकडचा दांडगा कुत्रा फ्लॅटमध्ये आणावा का?

आम्ही दोघेही नोकरी करतो, वडोदऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि फॉस्टरकडे, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत कुत्रा तात्पुरता सांभाळणाऱ्यांकडे, असलेला लॅब्राडोर-देशी मिश्रणाचा एक वर्षाचा, क्षणभरही स्वस्थ न बसणारा कुत्रा आम्हाला आवडला आहे, तर तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अवश्य घ्यावा. मात्र त्याला रोज भरपूर पळवले की तो आपोआप शांत होईल, या भरवशावर घेऊ नये.

आमचा टिप्या कारेलीबागेतल्या घरी आला तेव्हा अकरा महिन्यांचा होता. पहिला महिनाभर मी त्याला सकाळ-संध्याकाळ तासतासभर पळवत असे, आणि परतल्यावर मी धापा टाकत असताना तो सासूबाईंची चप्पल तोंडात धरून पलंगाखाली शिरत असे. पळण्याने त्याचा दम वाढत होता, माझा मात्र संपत होता. खरा फरक पडला तो हुंगण्याच्या कामाने. जुन्या पंचात पोळीचे तुकडे गुंडाळून, सैल गाठी मारून तो पंचा मी त्याच्यापुढे टाकू लागले. त्या गाठी नाकाने आणि पंजांनी सोडवायला त्याला पंधरा-वीस मिनिटे लागत, आणि त्यानंतर तो स्वतःहून कुशीवर पडून झोपी जाई. या वयाच्या कुत्र्याला दिवसातून बारा-चौदा तास झोप लागते, आणि ती मिळाली नाही तर तो जागरण झालेल्या लहान मुलासारखा अधिकच चेकाळतो.

फॉस्टर ताईंना तो किती मस्ती करतो हे विचारू नका, ते दिसतेच. तो शांत कशाने होतो आणि घरात एकटा किती वेळ राहिला आहे, हे विचारा. आम्ही विचारले नाही. त्यांच्याकडे आणखी तीन कुत्री असल्यामुळे टिप्या कधी एकटा राहिलेलाच नव्हता, आणि आम्ही कामावर गेल्यावर तो दुपारभर रडतो, हे आम्हाला शेजारच्या काकूंकडून कळले. पाच मिनिटांपासून सुरुवात करून त्याला चार तासांची सवय लावण्यात जवळजवळ दोन महिने गेले. आपण दोघेही बाहेर असणार, तेव्हा दुपारी फिरवून आणणाऱ्या माणसाची सोय आधीच करून ठेवा.

लसीकरणाचे पुस्तक मागून घ्या. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते. गोचीडतापासाठी रक्ततपासणी झाली नसल्यास करून घ्या. खाणे आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, आणि तो ज्यावर झोपतो ती चादर न धुता आणा. सुरुवातीला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही वापरा, कारण नवा कुत्रा घाबरून निसटतो, आणि आपल्याकडे नवरात्रातले आवाज व दिवाळीचे फटाके पाठोपाठ येतात. विश्वामित्रीच्या काठी मात्र त्याला कधीही मोकळे सोडू नका. नदीत मगरी आहेत, आणि पाण्याशी वाकलेला कुत्रा त्यांना आयता सापडतो.

निर्णयापूर्वी त्याला एकदा दुपारी तीनच्या सुमारास पाहून या. संध्याकाळी पाहुणे आले की सगळीच तरुण कुत्री उड्या मारतात. दुपारी तो पंख्याखाली पाय ताणून झोपलेला दिसला, तर शांत कसे व्हायचे हे त्याला निदान त्या घरात तरी जमते आहे.