‘सायबरपंक २०७७’मध्ये सुरुवातीला पैसे कसे मिळवावेत?

पुण्यात नोकरी सांभाळून रात्री तासभरच हा व्हिडिओ गेम खेळता येतो, तेव्हा सुरुवातीला कोणत्या उपमोहिमांतून एडीज (खेळातले चलन) लवकर मिळतील, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, ‘द हाइस्ट’ या मुख्य मोहिमेची घाई न करता आधी वॉटसन या शहराच्या विभागातच रमावे. ती मोहीम पूर्ण होईपर्यंत शहराचा उर्वरित भाग बंदच असतो, आणि या एका विभागात रेजिना जोन्स ही मध्यस्थ देत असलेली ‘गिग’ म्हणजे छोटी सशुल्क कामे तासाभरात एखाददुसरे सहज पूर्ण होईल इतकी आटोपशीर आहेत.

प्रत्येक गिगमधून ठरलेला मोबदला तर मिळतोच, पण खरी भर पडते ती पराभूत शत्रूंच्या शस्त्रांतून, जी गोळा करून ड्रॉप पॉइंटवर (वस्तू विकण्याच्या यंत्रावर) विकता येतात; म्हणून ठिकाण सोडण्यापूर्वी खोल्या नीट धुंडाळाव्यात. रेजिनाच्याच सायबरसायकोंच्या (शरीरातील यांत्रिक भागांमुळे भान हरपलेल्या हिंसक लोकांच्या) १७ मोहिमा शहरभर विखुरलेल्या असून त्यांतील काही वॉटसनमध्ये आहेत. त्या चांगल्या आहेत, मात्र कमी पातळीवर जड जातात. पोलिसांच्या स्कॅनरवरील, म्हणजे नकाशावर दिसणारी गुन्हे रोखण्याची छोटी कामे वाटेत आली तर करावीत.

शरीरात यांत्रिक भाग बसवणाऱ्या व्हिक्टर या डॉक्टरचे २१,००० एडीजचे कर्ज फेडण्यास मुदत नाही, त्यामुळे त्याचे दडपण घेऊ नये (माणूस मोलाचा आहे, कर्ज जरूर फेडावे, पण नंतर). नव्या गाडीचा मोहही तूर्त टाळावा आणि पहिली मोठी रक्कम सायबरवेअरवर, म्हणजे शरीरात बसवायच्या अशा यांत्रिक भागांवर, खर्च करावी, कारण खेळाच्या २.० आवृत्तीपासून चिलखताचे संरक्षण मुख्यतः कपड्यांऐवजी त्यातूनच मिळते आणि त्याच्या बळावर पुढची अवघड कामे हाती घेता येतात.