त्या मुलीला मुलाखत देऊ का?

‘ताई, मी 58 वर्षांची, कोथरूडला राहते. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. विवाह जुळवणाऱ्या एका साइटवर एक गृहस्थ भेटले. मूळचे साताऱ्याचे, आता स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला तेलविहिरीवर इंजिनिअर, असं सांगायचे. पाच महिने रोज बोलणं होतं. मग माझ्यासाठी पाठवलेलं पार्सल दिल्लीला कस्टम्समध्ये अडकलं. आधी 38 हजार, मग दंड, मग कसला दाखला, असं करत एफडी मोडून 9 लाख 40 हजार गेले. मुलगा म्हणतो, “आई, तू आयुष्यभर मुलांना शिकवलंस आणि...” पुढचं बोलत नाही. नाव बाहेर जाईल म्हणून तक्रार केली नाही. आता मैत्रिणीच्या सुनेच्या ओळखीची एक मुलगी अशाच फसवणुकीवर पीएचडी करतेय, ती मुलाखत मागतेय. देऊ का? आणि खरं सांगू? तो माणूस नव्हताच हे कळूनही रात्री नऊला हात फोनकडे जातो. नऊला तो “बीपीची गोळी घेतलीस?” विचारायचा. चॅट पुसवत नाही. मी इतकी कशी मूर्ख ठरले?’

प्रिय बाई,

शाळेत तुम्हाला हेच म्हणत असणार, म्हणून मीही म्हणते.

गोळीपासून सुरुवात करते, कारण पत्रात तुम्ही ते शेवटी, जरा ओशाळून लिहिलंय. मोनिका व्हिटी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ब्रिटनमध्ये अशा फसवणुकीतून गेलेल्या लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांचं आणि त्यांचे सहसंशोधक टॉम ब्यूकॅनन यांचं म्हणणं असं, की इथे मार दुहेरी बसतो. पैसे जातात आणि माणूसही जातं, आणि अनेकांना माणूस गेल्याचं दुःख जास्त होतं. पण ज्या माणसासाठी रडायचं तो मुळात नव्हताच, त्यामुळे भेटायला कोणी येत नाही, उलट लोक हसतात. तुम्ही पाच महिन्यांची सोबत गमावली आहे. ती सोबत त्याच्या बाजूने खोटी होती, तुमच्या बाजूने नव्हती. तेव्हा नऊ वाजता डोळे भरून आले तर भरू द्यात.

आता ‘मूर्ख’. व्हिटींच्या 2018 च्या अभ्यासात फसलेल्यांमध्ये मध्यमवयीन, चांगल्या शिकलेल्या स्त्रिया जास्त आढळल्या. म्हणजे मुलाचं ते अर्धवट वाक्य मुळातच चुकीचं आहे. शिक्षण इथे ढाल होत नाही. त्याच अभ्यासात हेही आहे, की फसलेल्यांचा स्वभाव इतरांपेक्षा थोडा उतावळा, भावनेच्या भरात पटकन पाऊल टाकणारा असतो. तुमचा आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. गोड लागेल तेवढंच सांगणं मला जमत नाही.

आणि तुमचे ते हप्ते बघा. आधी 38 हजार, म्हणजे जीव घाबरा होणार नाही एवढे. ते दिल्यावर ‘आता एवढं एकदाच, की पार्सल दारात’. प्रत्येक वेळी शेवट हाताच्या अंतरावर. जुगारी माणूस ‘थोडक्यात हुकलं’ म्हणून पुन्हा पैसे लावतो, तीच ओढ इथे असते, असं व्हिटी 2013 च्या लेखात मांडतात. ऑस्ट्रेलियातल्या कॅसँड्रा क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर या प्रकाराची तुलना घरगुती हिंसाचारातल्या मानसिक छळाशी केली. माणसाला आपल्या माणसांपासून तोडायचं, दिवसभर आपल्यातच गुंतवून ठेवायचं. नवऱ्याच्या जाचाला कंटाळलेल्या बाईला आपण हल्ली तरी ‘तू मूर्ख’ म्हणत नाही. पुण्यात मात्र तुमच्या बाबतीत लोकांना गेलेल्या पैशांपेक्षा ‘या वयात लग्न करायचं होतं’ हेच जास्त खुपणार. त्यांना खुपू द्या. लग्न करावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही.

गुन्हा झालाय तो तुमच्याविरुद्ध, आणि त्याची तक्रार आधी करा, मुलाखत नंतर. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा किंवा cybercrime च्या सरकारी पोर्टलवर नोंदवा, नाहीतर शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात मुलाला घेऊन जा. काही महिने उलटल्यावर पैसे परत येण्याची आशा कमीच, ते खरं. तरीही ज्या खात्यांत पैसे गेले त्यांची नोंद झाली पाहिजे. बँकेचं स्टेटमेंट, व्यवहारांचे क्रमांक आणि तेच चॅट, सगळं लागेल. म्हणून पुसू नका. एक प्रत पेनड्राइव्हवर काढून मुलाकडे द्या आणि फोनवर ते सतत समोर दिसणार नाही असं ठेवा.

तो नंबर ब्लॉक करा. अशा प्रकरणांत पुढचाही डाव असतो. ‘मी फसवायला आलो होतो, पण खरंच तुझ्या प्रेमात पडलो’ असा कबुलीजबाब येतो. किंवा कोणी वकील, कोणी अधिकारी बनून ‘पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा’ म्हणतो. एकदा फसलेल्यांची नावं या मंडळींत फिरतात.

म्हणूनच त्या मुलीचीही खात्री करा, ओळखीतून आली असली तरी. ती देईल तो नंबर बाजूला ठेवा, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून विभागाचा नंबर घ्या आणि तिच्या मार्गदर्शकांचं नाव विचारा. खरी संशोधक रागावणार नाही. ती अभ्यासाची माहिती आणि संमतीपत्र मराठीत देईल, नैतिकता समितीची परवानगी दाखवेल, रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार ते सांगेल. नको त्या प्रश्नाला ‘पुढचं विचार’ म्हणायची मुभा हवी, आणि मध्येच उठून जायचीही. नाव तर बदलायलाच सांगा, पण ‘कोथरूडच्या मुख्याध्यापिका’ एवढंही लिहू देऊ नका. तेवढ्यावर निम्मं कोथरूड तुम्हाला ओळखेल. खात्याचा तपशील, ओटीपी मागितला किंवा फोनमध्ये एखादं ॲप टाकायला सांगितलं, तर तिथेच विषय संपला.

हे सगळं जुळलं तर माझं मत, द्या. मात्र लोककल्याण म्हणून नाही. घरात ज्या वाक्याच्या मध्येच सगळे थांबतात, ते कोणीतरी न थांबवता शेवटपर्यंत ऐकून घेईल, म्हणून. बोलून आल्यावर रात्र जड जाईल, तेव्हा मैत्रिणीला त्या दिवशी मुक्कामाला बोलवा. फारच जड गेलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

विभागाला फोन सोमवारी सकाळी अकरानंतर करा. त्याआधी बहुधा कोणी उचलणार नाही.

तुमची,
ताई