गळकी डिझेल टाकी: डागडुजी नको, बदलच
भावा, टाकीच्या भोकावर साबण चोळून जांबोटी-चोर्ला घाटाची एखादी फेरी निघेल, पुढं नाही. खानापूरकडचा पाऊस आणि टाकी धरणाऱ्या पट्ट्यांखाली अडकलेला चिखल जुन्या जीपची टाकी खालून खातो. एक भोक दिसलं म्हणजे शेजारचा पत्राही कागद झालेला असतो. वेल्डिंगचा तर विचारच नको. रिकाम्या टाकीतही वाफ असते, ठिणगीनं टाकी फुटू शकते. नवीच बसव. आधी बॅटरीची वायर काढ, डिझेल कॅनमध्ये उतरव. फ्लोट (टाकीत डिझेल किती ते दाखवणारा तरंगता भाग) जुना चालेल, पण त्याचं पॅकिंग आणि रबरी पाइप नवेच घाल. पट्ट्यांखाली रबर हवंच. मी कंटाळा केला, दोन पावसाळ्यांत परत तेच! शेवटी डिझेल फिल्टरचा एअर स्क्रू (हवा बाहेर काढायचा) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेलचा हातपंप मार, मग आवळ. नाहीतर आत हवा राहून स्टार्टर मारत बसशील.