नाकाच्या कॅन्सरला रेडिएशन देताना कुत्र्याचे डोळे वाचतात का? (इंदूर)
बऱ्याच अंशी वाचतात, पण ते आधी मशीनवर ठरतं, थेंबांवर नंतर. आयएमआरटी आहे का, हे विचारा. त्यात सीटी स्कॅन पाहून किरणं डोळे टाळून गाठीवर बेततात. साध्या पद्धतीत अश्रू आटतात, बुबुळाला जखम होते, पुढे काही महिन्यांनी मोतीबिंदूही. रेडिएशन बाहेरगावी असलं तरी शिर्मर टेस्ट (अश्रू किती येतात ते मोजायची) इथे इंदूरलाच करून घ्या, मी माझ्या पेशंटांची करतोच: पापणीत कागदाची पट्टी, मिनिटात १५ मिमी भिजली की ठीक. कमी भिजली तर कृत्रिम अश्रू, सायक्लोस्पोरिन मलम. गळ्यातली शंकूसारखी कॉलर काढू नका, पंजा डोळ्याकडे जातोच. घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब अजिबात नकोत, जखम चिघळते. मात्र गाठ डोळ्याच्या खोबणीत शिरली असेल, तर त्या बाजूच्या डोळ्याची खात्री कुणी देणार नाही.