मोटर जळलेल्या कुलरातलं चीज

प्रश्न : ताई, आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मुलगा पुण्याला हॉटेलात कामाला आहे. दिवाळीत त्यानं धुरावलेल्या चीजचा तुकडा आणला, घरात सगळ्यांना आवडला. किंमत ऐकून मात्र पुन्हा आणू नको म्हटलं. मग तालुक्याहून साधं चीज आणून चुलीवर जाळी ठेवून धूर दिला. अर्धं वितळून निखाऱ्यात गेलं, उरलेलं कडू झालं. तुपाचा धुंगार देऊन पाहिला, तर वरवर वास लागला आणि गेला. चार-पाचशे रुपयांत काही जमेल का? – एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुमचं अर्धं तरी उरलं. माझं पहिल्या खेपेला सगळंच गेलं होतं. एप्रिलची दुपार, आणि मी अंगणात तेलाच्या पिप्यात धूर करून बसलेली. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "कायले वं, चांगल्या जिनसाची राख करून राहिली?"

चीजमधली चरबी तीस अंशांच्या आसपासच पाझरायला लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीत चाळीसच्या वर पारा असतो, तिथं निखारा कशाला हवा! हे काम डिसेंबर-जानेवारीचं, तेही दिवस मावळल्यावर. रात्री दहा-बारा अंशांचा गारवा फुकट मिळतो आणि चीज धुरावायची यंत्रं विकणारे मुख्यतः त्याचेच पैसे घेतात, असं माझं मत आहे.

धूर हवा, आच नको. त्यासाठी भुसा. आमचा भाग वरुडकडचा, संत्र्याचा. सल काढली की बांधावर वाळक्या फांद्यांचा ढीग पडतो. त्यातल्या निरोगी, खडखडीत फांद्या घ्यायच्या, साल सोलायची आणि खाली जुनं लुगडं पसरून करवतीनं कापत बसायचं. लाकूड जळणाला, भुसा आपल्याला. खोडाजवळचं, बोर्डो (बुरशीवरचं औषध) लावलेलं लाकूड मात्र नको, त्यात मोरचूद असतं. तुमच्याकडे बोर, बाभूळ, आंबा चालेल. पऱ्हाट्या ढिगानं असतील, पण त्यांच्यावर किती फवारे मारले ते तुम्हालाच ठाऊक. त्यांना हात लावू नका. फर्निचरवाल्याकडचा भुसाही नको. त्यात प्लायवूड असतं, म्हणजे गोंद आला.

आता पिठाची जुनी स्टीलची चाळणी घ्या. तिच्यात कडेकडेनं भुशाची दोन बोटं रुंद, दोन बोटं उंच पाळ घाला. पाळीची टोकं जुळू द्यायची नाहीत, मध्ये तीन बोटांची फट ठेवायची. एका टोकावर चुलीतला लहानसा इंगळ ठेवून फुंकर मारायची. टोक लाल झालं की इंगळ चिमट्यानं काढून घ्यायचा. पुढे डासांच्या अगरबत्तीसारखं तेवढंच टोक सरकत जातं आणि निळसर, बारीक धूर येत राहतो. माझ्या चाळणीत ते अडीच-तीन तास चालतं. पांढराफटक दाट धूर आला तर भुसा ओला आहे, कडवटपणा तिथूनच येतो. चाळणी तीन दगडांवर ठेवा, खालून हवा लागली नाही तर विझते.

पेटी म्हणून मी मोटर जळलेला टिनाचा कुलर वापरते. आमचे हे तो भंगारवाल्याला द्यायला निघाले होते. ताट्यांमधली गवताची भरताड काढून पुठ्ठे लावले, मधोमध तारेची जाळी बांधली, पंख्याच्या भोकातून धूर बाहेर जातो. तुम्ही मोठं पुठ्ठ्याचं खोकं घेतलं तरी एक-दोन वेळा निभतं, पण उठून जायचं नाही. कडब्याच्या गंजीपासून लांब, आणि घरात तर मुळीच नाही. बंद खोलीतला हा धूर जिवावर बेततो.

चीजचे पाव किलोच्या आतले तुकडे करा. आदल्या रात्री फ्रिजमध्ये उघडे ठेवून वरून कोरडे होऊ द्या, ओल्या अंगावर धूर काळा बसतो. थर्मामीटर नसेल तर जाळीवर वाटीत लोण्याचा गोळा ठेवा. गोळा चकाकायला लागला, कडेनं तूप सुटलं, की पेटी उघडा. दोन तास पुरे, मध्ये एकदा तुकडे उलटा.

लगेच चाखू नका. चाखाल तर राखुंडीच लागेल आणि मला शिव्या द्याल. बटर पेपरात गुंडाळून, डब्यात घालून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवा. पंधरा दिवस धीर धरला तर आणखी बरं. वरचा धूर हळूहळू आत मुरतो.

पैसे अगदीच कमी असतील तर घरच्या दुधाचं पनीर घ्या. ते वितळत नाही, त्यामुळे वेळ चुकली तरी नुकसान नाही. घट्ट दाबून, मीठ चोळून तासभर धूर द्या. पण पनीर ओलं असतं, धुरावलं म्हणून टिकतं असं समजू नका. दोन-तीन दिवसांत संपवा. हुगळीकडचं बंडेल चीज या जातीचं, छोट्या चकत्या, धुरावलेलीही मिळतात.

चुलीवरच्या शिंक्यात टांगलं तर, असं तुमच्या मनात येईलच. स्पेनच्या बास्क मुलखातले मेंढपाळ तसंच करत. धुराडं नसलेल्या झोपडीत चुलीच्या धुरात इदियाझाबाल चीज आपोआप धुरावायचं. पण आपली चूल गोवऱ्यांची, वर फोडणीची वाफ. मी टांगून पाहिलं. चीजला भाजीचा वास लागला आणि तिसऱ्या रात्री मांजरानं शिंकं ओढलं.